पोलीस श्वान, मुंबईतील
गुन्ह्यांचा माग काढणे, स्फोटके व अमली पदार्थ हुडकणे, हरवलेल्या व्यक्तींचा शोध घेणे इ. कामांसाठी मुंबई पोलीस दलाने बाळगलेली व प्रशिक्षित केलेली कुत्री. अशा श्वानांची पद्धतशीर योजना मुंबईत १९५९ पासून आढळते. १९९३ च्या बाँबस्फोटमालिकेनंतर स्फोटके हुडकणाऱ्या श्वानांना विशेष महत्त्व आले. पुढे २००२ ते २००८ या काळातील घातपातांमुळे दक्षिण मुंबईबरोबरच अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या उपनगरांतही त्यांचे काम नित्याचे झाले. या श्वानांची सेवा आकड्यांत नोंदली गेली. मात्र सेवा संपल्यावर त्यांचे पालनपोषण कोणी करावयाचे, हा प्रश्न दीर्घकाळ अनुत्तरित राहिला. या दृष्टीने त्यांचा इतिहास हा शासनव्यवस्थेच्या कर्तव्यभावनेचाही इतिहास आहे.

पूर्वेतिहास : हरवलेली वस्तू हुडकण्यासाठी कुत्र्याचा उपयोग करण्याची कल्पना भारतात प्राचीन आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील सरमा-पणी संवादात पणींनी लपविलेल्या गायींचा ठाव इंद्राची दूती सरमा लावते. परंपरेने तिला देवांची कुत्री मानले आहे. शिकार, राखण व गुरांची निगा यांसाठी कुत्री पाळण्याची प्रथा दख्खनमध्ये सर्वत्र होती. तथापि नागरी पोलीस दलाचे अंग म्हणून कुत्र्याची योजना ही आधुनिक यूरोपची देणगी होय. लंडनमध्ये १८८८ साली घडलेल्या खूनसत्राच्या तपासात ब्लडहाउंड जातीच्या दोन कुत्र्यांची चाचणी घेण्यात आली, पण तिच्यातून काही निष्पन्न झाले नाही. बेल्जियममधील गेंट शहराने १८९९ मध्ये रात्रीच्या गस्तीसाठी कुत्र्यांना रीतसर शिक्षण देण्यास आरंभ केला. तेथून ही पद्धत जर्मनी, फ्रान्स, इंग्लंड इ. देशांत पसरली.

स्वातंत्र्योत्तर भारतात मद्रास पोलिसांचे श्वानपथक १९५१ मध्ये स्थापन झाले. मुंबईचे पथक डिसेंबर १९५९ मध्ये डोबरमन जातीच्या कुत्र्यांनिशी सुरू झाले. त्या वेळी मुंबई हे द्वैभाषिक राज्य होते; महाराष्ट्र राज्याची निर्मिती अद्याप व्हावयाची होती. पुण्यात शिवाजीनगर येथे राज्य गुन्हे अन्वेषण विभागाचे श्वान प्रशिक्षण केंद्र असून राज्यातील अनेक श्वानांचे शिक्षण तेथेच होते. सैन्यदलातील श्वानांसाठी मीरत येथे अश्व व पशुवैद्यक दलाचे केंद्र आहे. सीमा सुरक्षा दलाच्या ग्वाल्हेरजवळील टेकनपूर येथील अकादमीत १९७० मध्ये राष्ट्रीय श्वान प्रशिक्षण केंद्र निघाले.

कामाचे प्रकार : पोलीस श्वानांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील श्वान गुन्ह्याच्या जागी सापडलेल्या वस्तूचा वास घेऊन त्या वासाच्या मालकाचा माग काढतात. दुसऱ्या वर्गातील श्वानांना कोणा व्यक्तीचा वास दिला जात नाही. विशिष्ट द्रव्यांचे वास त्यांना आधीच शिकविलेले असतात आणि ते द्रव्य समोरच्या सामानात, वाहनात किंवा इमारतीत आहे की नाही एवढेच त्यांना सांगावयाचे असते. पहिल्या वर्गासाठी डोबरमन व जर्मन शेफर्ड, तर दुसऱ्यासाठी मुख्यत्वे लॅब्रॅडॉर रिट्रीव्हर ही जात पसंत केली जाते.

या दोन कामांच्या पुराव्याच्या मूल्यात मोठा फरक आहे. महाराष्ट्रातील एका रेल्वे घातपाताच्या खटल्यात श्वानाने काढलेल्या मागाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. १९७० च्या निकालसंग्रहात प्रसिद्ध झालेल्या या निर्णयात अशा पुराव्यावरील आक्षेपांची चर्चा आढळते. कुत्रा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहू शकत नाही. त्याच्या वतीने त्याचा हस्तक बोलतो, म्हणजे ती एक प्रकारे ऐकीव साक्ष ठरते. आणि माणसाचे जीवित व स्वातंत्र्य कुत्र्याच्या अनुमानावर अवलंबून ठेवणे उचित नाही, असे हे आक्षेप होत. असा पुरावा ग्राह्य मानला, तरी त्याला सामान्यतः फारसे वजन देता येत नाही, असा न्यायालयाचा कल होता. पुढील काळातील निर्णयांतही श्वानाचा माग हे तपासाचे साधन मानण्याकडे न्यायालयांचा कल राहिला. आरोपीस दोषी ठरविण्यास तेवढाच आधार त्यांनी पुरेसा मानला नाही.

स्फोटके हुडकणाऱ्या श्वानाच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवत नाही. त्याने खूण केलेली पेटी उघडली की, त्याचे म्हणणे खरे की खोटे हे तत्काळ ठरते. सापडलेली वस्तू हीच त्याची साक्ष असते. मात्र याच कारणाने त्याच्या कामाचा बराचसा भाग इतिहासाच्या नोंदीत येत नाही. न झालेल्या स्फोटाला तारीख नसते व वाचलेल्या माणसांची यादी करता येत नाही. तसेच ज्या हजारो पिशव्या हुंगून त्याने निर्धोक ठरविल्या, त्यांचाही हिशेब कोणी ठेवीत नाही.

गंधज्ञान व प्रशिक्षण : मानवाच्या नाकात गंधग्राही पेशींची संख्या सु. ५० लाख असते, तर कुत्र्याच्या नाकात ती जातीनुसार २० ते ३० कोटींपर्यंत असल्याचे मानले जाते. मेंदूतील गंधाशी संबंधित भागही कुत्र्यात तुलनेने बराच मोठा असतो. अनेक वासांच्या मिश्रणातून एकेक वास वेगळा ओळखण्याचे त्याचे सामर्थ्य पोलीस कामाला विशेष उपयोगी पडते. आरडीएक्स हे स्फोटक सामान्य तापमानाला फारच अल्प प्रमाणात बाष्परूप होते. त्यामुळे श्वान पुष्कळदा शुद्ध स्फोटकाऐवजी त्याच्या निर्मितीत वापरलेली विद्रावके, मऊपणा आणणारी द्रव्ये यांच्या एकत्रित वासावरून त्याचा ठाव लावतो, असे या विषयातील संशोधनातून दिसून आले आहे.

प्रशिक्षणाचे तत्त्व साधे आहे. ठराविक वास सापडला की आवडते चेंडूसारखे खेळणे वा खाऊ मिळतो, एवढाच संबंध पिलाच्या मनावर बिंबविला जातो. त्याच्या दृष्टीने हा खेळच असतो. धोक्याची जाणीव माणसाला असते, त्याला नसते. स्फोटक सापडल्यावर भुंकणे, पंजाने उकरणे किंवा वस्तू तोंडात धरणे यांवर कटाक्षाने बंदी असते, कारण लहानशा धक्क्यानेही स्फोट होण्याचा संभव असतो. श्वानाने त्या जागी स्तब्ध बसावयाचे व हस्तकाकडे पाहावयाचे, अशी खूण ठरलेली असते. शिक्षणास काही महिने लागतात, आणि नंतरही नित्य सराव ठेवावा लागतो. सरावात खंड पडल्यास अचूकता घटते.

श्वानासोबत नेमलेल्या पोलीस कर्मचाऱ्यास श्वानहस्तक म्हणतात. बहुधा एका श्वानामागे दोन हस्तक असतात. त्याला खाऊ घालणे, त्याची स्वच्छता, व्यायाम, औषधपाणी व सराव ही सर्व कामे हेच करतात. श्वान किती वेळ एकाग्रतेने हुंगू शकेल, तो कंटाळला आहे की खरोखर काही सापडले आहे, हे ओळखणे सर्वस्वी हस्तकाच्या अनुभवावर अवलंबून असते. मुंबईच्या दमट, उष्ण हवेत श्वान लवकर धापा टाकू लागतो आणि धापा टाकणाऱ्या श्वानाला नीट हुंगता येत नाही. म्हणून तपासणीचे काम थोड्या थोड्या वेळाने विश्रांती देऊन करावे लागते. श्वानाचा कार्यक्षम काळ सामान्यतः आठ ते दहा वर्षांचा असतो.

जंजीर : (७ जानेवारी १९९२–१६ नोव्हेंबर २०००). मुंबई पोलिसांच्या बाँबशोधक व नाशक पथकातील सर्वांत विख्यात श्वान. हा लॅब्रॅडॉर रिट्रीव्हर जातीचा होता. १९७३ च्या गाजलेल्या हिंदी चित्रपटावरून त्याचे नाव ठेवण्यात आले. पुण्यातील केंद्रात शिक्षण घेऊन तो २९ डिसेंबर १९९२ रोजी पथकात दाखल झाला. त्या वेळी त्याला एक वर्षही पुरे झालेले नव्हते आणि मुंबईत जातीय दंगलींचे पर्व चालू होते.

त्यानंतर अडीच महिन्यांनी, १२ मार्च १९९३ रोजी दुपारी, मुंबईत बारा ठिकाणी स्फोट झाले. शेअर बाजार, एअर इंडियाची इमारत, झवेरी बाजार, प्लाझा चित्रपटगृह यांबरोबरच वांद्र्याचे सी रॉक हॉटेल, जुहूचे व विमानतळाजवळचे सेंटॉर हॉटेल या उपनगरांतील जागाही त्यांत होत्या. अधिकृत आकड्यांनुसार २५७ माणसे मृत्युमुखी पडली व सातशेहून अधिक जखमी झाली. यासाठी वापरलेले आरडीएक्स रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर दिघी व शेखाडी येथे चोरून उतरविण्यात आले होते. ते सर्व १२ मार्चला वापरले गेले नव्हते. उरलेला साठा शहरात व शहराभोवती कोठे कोठे दडविला आहे, हे शोधून काढणे ही पुढील काळातील पोलिसांपुढची सर्वांत निकडीची बाब होती.

या शोधात जंजीरची कामगिरी पुढे आली. मार्च १९९३ मध्ये धनजी स्ट्रीटवर उभ्या असलेल्या एका स्कूटरमधील स्फोटके, प्रभादेवीच्या सिद्धिविनायक मंदिराजवळ टाकलेल्या बेवारस सूटकेसींतील शस्त्रे व हातबाँब, तसेच झवेरी बाजारातील सूटकेसींतील बंदुका त्याने हुडकल्याचे नोंदविले जाते. मुंबईबरोबरच मुंब्रा व ठाणे येथील शोधांतही तो होता. त्याच्या एकूण सेवाकाळात ३,३२९ किग्रॅ. आरडीएक्स, ६०० स्फोटप्रेरके, २४९ हातबाँब व ६,४०६ जिवंत काडतुसे सापडल्याची नोंद सर्वत्र उद्धृत केली जाते. हे आकडे एका श्वानाच्या नावावर मांडले जात असले, तरी प्रत्येक शोधामागे खबर काढणारे, तपास करणारे, श्वानाला जागेवर नेणारे आणि सापडलेले स्फोटक निकामी करणारे असे अनेक कर्मचारी असतात, हे लक्षात घेणे आवश्यक आहे. तथापि बंद सूटकेस उघडण्यापूर्वी तिच्याजवळ सर्वांत आधी जाणारा श्वानच असतो, ही गोष्टही तितकीच खरी.

जंजीरला हाडांचा कर्करोग झाला. परळ येथील पशुवैद्यकीय रुग्णालयात त्याच्यावर उपचार करण्यात आले. तेथेच १६ नोव्हेंबर २००० रोजी त्याचा मृत्यू झाला. पोलीस दलाने त्याचा अंत्यविधी इतमामाने केला. पुष्पांनी आच्छादलेल्या त्याच्या देहावर वरिष्ठ पोलीस अधिकारी पुष्पचक्र वाहत असल्याचे छायाचित्र नंतरच्या काळात सर्वदूर पोहोचले. जंजीर वयाच्या नवव्या वर्षी, सेवेत असतानाच मरण पावला. निवृत्त श्वान म्हणून तो कधी जगलाच नाही. त्यामुळे त्याच्या म्हाताऱ्या वयाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्याच्या बाबतीत पडला नाही. योगायोगाने त्याच महिन्यात, ६ नोव्हेंबर २००० रोजी, अमेरिकेत एक कायदा मंजूर झाला. सेनादलातील वृद्ध श्वानांना मारून न टाकता ते हस्तकांना किंवा योग्य कुटुंबांना दत्तक देता यावेत, अशी तरतूद त्यात होती. भारतात हा विचार सार्वजनिक चर्चेत येण्यास आणखी दीड दशक लागले.

उपनगरांतील घातपात : २००२ पासून मुंबईतील घातपातांचा रोख उपनगरांकडे व प्रवासी वाहतुकीकडे वळलेला दिसतो. २ डिसेंबर २००२ रोजी घाटकोपर स्थानकाबाहेर बेस्टच्या बसमध्ये स्फोट झाला. २७ जानेवारी २००३ रोजी विलेपार्ले येथे एका सायकलीवर ठेवलेला बाँब फुटला. १३ मार्च २००३ रोजी, म्हणजे १९९३ च्या स्फोटांच्या दहाव्या स्मरणदिनाच्या दुसऱ्याच दिवशी, मुलुंड स्थानकात उपनगरी गाडीच्या डब्यात स्फोट होऊन दहाहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. २८ जुलै २००३ रोजी घाटकोपरला लाल बहादूर शास्त्री मार्गावर पुन्हा बसच लक्ष्य झाली. ११ जुलै २००६ रोजी सायंकाळी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत माटुंगा रोडपासून भाईंदरपर्यंत अवघ्या अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. खार, जोगेश्वरी व बोरिवली ही त्यांतील उपनगरी स्थाने होत. या स्फोटांत १८० हून अधिक माणसे दगावली.

या घटनांनी श्वानपथकांच्या कामाचे स्वरूप पालटले. १९९३ मध्ये दडविलेला साठा शोधावयाचा होता. आता रोज लाखो माणसे ज्या फलाटांवरून ये-जा करतात, तेथे बेवारस पडलेली एखादी पिशवी, डबा किंवा सायकल तपासावयाची होती. अशा सूचना येण्याचे प्रमाण वाढले. त्यांपैकी बहुतेक निराधार ठरत. पिशवीत कपडे, डब्यात भाजीपोळी निघे. परंतु प्रत्येक वेळी गर्दी मागे हटवून, श्वानाला वाहनातून त्या जागी नेऊन तपासणी करणे क्रमप्राप्त असे. मुलुंड वा बोरिवलीसारख्या दूरच्या टोकाला वाहनांच्या गर्दीतून पथक पोहोचेपर्यंत जाणारा वेळ हा स्वतंत्र प्रश्न होता. रेल्वेच्या हद्दीत लोहमार्ग पोलीस व रेल्वे सुरक्षा दल यांची व्यवस्था वेगळी असल्याने, स्थानकाच्या जिन्याच्या आत एक यंत्रणा आणि बाहेरील रस्त्यावर दुसरी, अशी विभागणी उपनगरांत दिसते.

श्वानाच्या दृष्टीने या कामात एक अडचण असते. दिवसेंदिवस काहीच सापडले नाही, तर हुंगण्यातील त्याचा रस कमी होतो. म्हणून खऱ्या तपासणीखेरीज मुद्दाम लपविलेले नमुने शोधावयास लावून त्याला बक्षीस देणे आवश्यक ठरते. उपनगरांतील सेवेचा मोठा भाग अशा निष्फळ तपासण्यांचा व त्यांमधल्या सरावाचा होता. तो कोणत्याही गौरवयादीत आढळत नाही; पण प्रवाशांना पुन्हा गाडीत चढण्याचा निर्धास्तपणा त्यातूनच मिळाला.

माग काढणाऱ्या श्वानांचे कामही उपनगरांत चालू राहिले. नोव्हेंबर २०२३ मध्ये पवई परिसरातून बेपत्ता झालेल्या सहा वर्षांच्या मुलाचा शोध लिओ नावाच्या डोबरमन श्वानाने, त्या मुलाने बदलून ठेवलेल्या शर्टाच्या वासावरून, थोड्याच वेळात लावला. अशा प्रसंगी न्यायालयीन पुराव्याच्या मूल्याचा प्रश्न गौण ठरतो. मूल सापडणे हाच तपासाचा हेतू असतो.

मॅक्स, सुलतान, टायगर व सीझर : २६ नोव्हेंबर २००८ रोजी समुद्रमार्गे आलेल्या दहा हल्लेखोरांनी मुंबईत अनेक ठिकाणी हल्ले केले. त्यांत १६६ माणसे मृत्युमुखी पडली. हल्ल्याची मुख्य ठिकाणे दक्षिण मुंबईत असली, तरी हल्लेखोरांनी टॅक्सीत ठेवलेल्या एका बाँबचा स्फोट विलेपार्ले येथे द्रुतगती मार्गावर झाला. गोळीबार चालू असताना आणि तो थांबल्यावरही मागे राहिलेले बाँब व हातबाँब शोधण्याचे काम बाँबशोधक पथकाकडे होते. मॅक्स, सुलतान, टायगर व सीझर हे चार लॅब्रॅडॉर श्वान या कामगिरीमुळे प्रसिद्धीस आले. मॅक्सने ताजमहाल हॉटेलच्या परिसरात आरडीएक्स व हातबाँब हुडकल्याचे, तर सीझरने छत्रपती शिवाजी टर्मिनस येथे हातबाँब शोधल्याचे व नरीमन हाउसच्या कारवाईतही भाग घेतल्याचे वृत्तांतांत नमूद आहे. सीझर २००६ च्या रेल्वे स्फोटांनंतरच्या व जुलै २०११ च्या स्फोटांनंतरच्या कामातही होता.

या कामाचे महत्त्व एका घटनेवरून स्पष्ट होते. ३ डिसेंबर २००८ रोजी, हल्ल्यानंतर एका आठवड्याने, छत्रपती शिवाजी टर्मिनस येथे प्रवाशांच्या मागे राहिलेल्या सामानात सु. ८ किग्रॅ. स्फोटके सापडली. मृत व जखमी प्रवाशांच्या पिशव्यांबरोबर ती तेथे ठेवली गेली होती. दरम्यानच्या काळात स्थानकावरील गाड्या सुरू झाल्या होत्या. दिसावयास सारख्या असणाऱ्या पिशव्यांतून घातक पिशवी वेगळी काढण्याचे काम किती जोखमीचे असते, याचे हे ठळक उदाहरण होय.

निवृत्ती : श्वान निवृत्त होतो तेव्हा त्याच्या आयुष्याची दोन ते चार वर्षे शिल्लक असतात. लॅब्रॅडॉर जातीत या वयात सांधेदुखी, नितंबाच्या सांध्याचे विकार, लठ्ठपणा, दृष्टिमांद्य, हृदयाचे व फुप्फुसांचे आजार सामान्यपणे आढळतात. त्यामुळे निवृत्त श्वानाला सेवेतील श्वानापेक्षा अधिक औषधोपचार लागतात. पथकाच्या खर्चाची तरतूद मात्र कार्यरत श्वानांच्या संख्येवर आधारलेली असते, आणि जागेचीही टंचाई असते. हस्तकाचा त्याच्यावर जीव असला, तरी पोलीस वसाहतीतील लहान खोल्यांत मोठ्या अंगाचे व आजारी कुत्रे ठेवणे सर्वांनाच शक्य होत नाही. शिवाय तोवर त्याच्याकडे बहुधा नवा श्वान सोपविलेला असतो. अशा स्थितीत स्वयंसेवी संस्था किंवा प्राणिप्रेमी व्यक्ती यांच्यावर भिस्त ठेवली जाते.

वर उल्लेखिलेल्या चारही श्वानांच्या बाबतीत असेच घडले. निवृत्तीनंतर त्यांना बोरिवलीच्या पुढे, वसईच्या खाडीपलीकडे विरार येथील एका प्राणिप्रेमी व्यक्तीच्या शेतावर ठेवण्यात आले. तेथे त्यांना मोकळी जागा, पोहण्याची सोय व एकमेकांची सोबत मिळाली. एप्रिल २०१६ मध्ये मॅक्स, जूनमध्ये सुलतान, जुलैमध्ये टायगर व ऑक्टोबरमध्ये सीझर असे चौघेही एका वर्षाच्या आत मरण पावले. सोबती गेल्यानंतर सीझर उदास राहत असल्याचे त्या वेळच्या वृत्तांत म्हटले आहे. अखेरीस हृदयक्रिया बंद पडून तो वयाच्या अकराव्या वर्षी मरण पावला. मुंबई पोलीस दलाने त्याला श्रद्धांजली वाहिली. २००८ च्या हल्ल्यांतील कामगिरीमुळे नावाजलेल्या या चौघांपैकी तो शेवटचा होता.

या चौघांना चांगले म्हातारपण लाभले, ही समाधानाची बाब आहे. परंतु ते एका व्यक्तीच्या सद्‌भावनेमुळे लाभले. जे श्वान प्रसिद्धीस आले नाहीत, त्यांच्यासाठी असे कोणी पुढे येईलच अशी खात्री देता येत नाही. २०१५ मध्ये माहितीच्या अधिकारातील उत्तरातून, सैन्यदलातील कामास निरुपयोगी ठरलेल्या श्वानांना वेदनारहित मरण दिले जाते, असे उघड झाले. त्यावर टीका झाली व प्रश्न न्यायालयातही गेला. तेव्हा धोरण बदलण्याची ग्वाही केंद्र शासनाने दिली. नोव्हेंबर २०१९ मध्ये केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने दिल्ली मेट्रोच्या सेवेतील सात श्वानांना पदके व स्मृतिचिन्हे देऊन समारंभपूर्वक निरोप दिला आणि ते एका प्राणिकल्याण संस्थेच्या हवाली केले. निवृत्त श्वानाचे नाव नोंदवहीतून काढून टाकण्याऐवजी त्याला सेवकाप्रमाणे निरोप देण्याकडे वळलेला हा दृष्टिकोन लक्षणीय आहे. मात्र पदक हे अन्न व औषध यांचा पर्याय होऊ शकत नाही. निवृत्त श्वानाच्या उर्वरित आयुष्याचा खर्च त्याच्या सेवेचाच भाग मानून नियमित तरतूद करणे, हस्तकास त्याला दत्तक घेण्यास प्राधान्य व साहाय्य देणे आणि ज्यांना घर मिळत नाही अशा श्वानांसाठी निवारा चालविणे, हे मार्ग याबाबतीत सुचविले जातात.

स्मरण : दख्खनमध्ये कुत्र्याच्या स्मरणाची परंपरा जुनी आहे. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याच्या काळातील, इ. स. ९४९–५० चा कर्नाटकातील आतकूर येथील शिलालेख या दृष्टीने उल्लेखनीय आहे. रानडुकराशी झुंजताना दोघेही मेले, त्या काळी नावाच्या शिकारी कुत्रीसाठी तो दगड उभारला गेला. त्यासाठी जमीन तोडून दिली होती, आणि दगडाची पूजा केल्यावाचून पुजाऱ्याने जेवू नये, असा निर्बंध लेखात घातला आहे. रायगडावर वाघ्या कुत्र्याचे स्मारक १९३६ मध्ये उभारले गेले. त्याच्या कथेला समकालीन आधार नसल्याने ते वादाचा विषय ठरले आहे. वाघ्याच्या बाबतीत स्मारक आहे, पण नोंद नाही. मुंबईच्या पोलीस श्वानांच्या बाबतीत तारखा, वजने व ठिकाणे यांच्या नोंदी आहेत. लोकांच्या आठवणीत मात्र जंजीर व आणखी तीनचार नावे उरली आहेत.

आतकूरच्या लेखाचा विशेष असा की, त्यात गौरवाबरोबर खर्चाची तरतूदही सांगितली आहे. सन्मान टिकावयाचा, तर त्यासाठी जमीन लागते व रोजचे कर्तव्य कोणावर तरी सोपवावे लागते, हे त्या लेखकर्त्यांनी जाणले होते. त्यांनी ही तरतूद मेलेल्या कुत्रीसाठी केली होती. मुंबईतील पोलीस श्वानांच्या बाबतीत ती श्वान जिवंत असताना, त्याच्या अखेरच्या दोनचार वर्षांसाठी करणे आवश्यक आहे. ज्या स्थानकांवर व रस्त्यांवर या श्वानांनी काम केले, तेथील बहुसंख्य प्रवाशांना त्यांची नावे ठाऊक नाहीत आणि ती ठाऊक असावीत अशी त्या कामाची अटही नव्हती.